रेडिएटरातले पाणी

ज्या मुलखात पौषातल्या पहाटेही विहिरीचे पाणी कोमट लागते, ज्या मुलखाच्या पंचांगात हिमाला केवळ ऋतूच्या नावापुरती जागा आहे, आणि जिथे रस्त्यावरचे पाणी गोठलेले पाहण्याचा योग सबंध हयातीत कोणाला येत नाही, त्या गोमंतकात गोठणविरोधी द्रव्याचे डबे हिरव्या, तांबड्या आणि गुलाबी रंगांत दुकानोदुकानी मांडलेले असावेत, आणि गाडीवाल्यांनी ते आत काय आहे याची चौकशी न करता उचलून न्यावेत, याचे मला पुष्कळ वर्षे नवल वाटत आले आहे. या डब्यांतले मुख्य द्रव्य म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. व्युर्त्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते 1856 साली प्रथम सिद्ध केले, आणि मोटारीच्या रेडिएटरात त्याचा शिरकाव झाला तो या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, थंड देशांतील हिवाळ्यात पाणी गोठून एंजिनाचा ठोकळा तडकू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीची स्पिटफायर विमाने तर निव्वळ ग्लायकॉलवर थंड होत असत. पुढे त्याच विमानांच्या एंजिनांत सत्तर भाग पाणी आणि तीस भाग ग्लायकॉल असे मिश्रण, दाबाखाली, वापरण्याचा शिरस्ता पडला, कारण उष्णता वाहून नेण्याच्या कामात पाण्याची बरोबरी ग्लायकॉलला करता येत नाही हे तेवढ्या अवधीत अनुभवाला आले होते. हा इतिहास मला पुस्तकांतून कळला तो फार मागाहून. त्याआधी तो मी डिचोलीच्या रस्त्यावर, तांबड्या धुळीत, वेगळ्या मार्गाने शिकलो होतो.

माझ्या उमेदीचा काळ खनिजाच्या टिपरांखाली गेला. खाणीपासून आमोण्याच्या किंवा सारमानसच्या धक्क्यापर्यंत माल पोचवायचा, बार्जमध्ये रिकामा करायचा आणि धावत परत यायचे, आणि मोबदला खेपेवर. त्यामुळे या रस्त्यांवर जी धावपळ चाले तिला शर्यत म्हणण्यास काहीच हरकत नसावी. पुढे खऱ्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या, तेव्हा त्यांची दुखणी मला अपरिचित वाटली नाहीत ती याच कारणाने. पूर्ण भार, सतत वेग, आणि एंजिनाला श्वास घेण्यास उसंत नाही, ही तिन्ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच होती. टिपरचा शोफेर वाटेत जे मिळेल ते पाणी रेडिएटरात ओती: ओहळाचे, शेताच्या पाटाचे, खाणीच्या खंदकात साचलेले. थर्मोस्टॅट तर कोणी जागेवर ठेवतच नसे; 'मेस्त, ते काढून टाका, गाडी थंड चालते' असा हुकूम मालकाकडून आधीच आलेला असे. गाडी थंड चाले हे खरे, परंतु सकाळच्या पहिल्या खेपेला ती इतकी थंड चाले की सिलिंडर झिजत, आणि दुपारच्या चढावर रेडिएटराच्या नळ्यांत तांबडा गाळ बसलेला असल्यामुळे ती तापायची तितकी तापेच. ओल्या लाइनरची एंजिने उघडली म्हणजे लाइनरच्या बाहेरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोके एका ओळीत पडलेली दिसत. लाइनर थरथरतो, त्याच्या अंगाला लागून पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूचा कण खरवडून नेतो, अशी ती प्रक्रिया आहे. गंजरोधक द्रव्याचा पातळ थर असेल तर ती रोखली जाते, आणि साध्या पाण्यात मात्र तिला कोणाचाच अटकाव होत नाही. साध्या पाण्याची ही बाजू मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे मी पाण्याचीच वकिली करणार आहे.

त्या काळात एका मालकाने, कोणाच्या तरी सांगण्यावरून, आपल्या सगळ्या टिपरांत हिरवे कूलंट भरले. एंजिनांना त्याचा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु एके दिवशी त्यांतल्या एका टिपरचा खालचा होज पाइप गावातल्याच एका वळणावर फुटला आणि आतले सारे द्रव्य रस्त्यावर सांडले. पाणी असते तर फाल्गुनातल्या त्या उन्हात घटकाभरात त्याचा मागमूस राहिला नसता. हे मात्र राहिले. खनिजाची बारीक धूळ त्यावर बसली, दोन्ही मिळून तेलकट लगदा झाला, आणि टिपर ओढून नेल्यावर कितीतरी वेळाने तिथून स्कूटरवर जाणारे एक मास्तर घसरून मनगट मोडून बसले. मास्तरांना आपण कशावरून घसरलो हे कळलेच नाही. रस्ता कोरडा दिसत होता. ज्याच्या गाडीतून ते सांडले तो एव्हाना होज बदलून आमोण्याच्या धक्क्यावर पोचून परतही आला होता. त्या संध्याकाळी माझ्या मनात जो विचार रुजला तो असा की, एंजिनात काय भरावे याचा निर्णय आपण नेहमी एंजिनाच्या हिताने करतो, वस्तुतः तो निर्णय मागून येणाऱ्या माणसाच्या हिताने व्हावयास हवा. कारण होज आज ना उद्या फुटणारच, आणि फुटल्यावर ते द्रव्य आपल्या मालकीचे राहत नाही.

दुसरी गोष्ट एका कुत्र्याची. गॅरेजच्या मागच्या अंगाला एका पोराने रेडिएटर रिकामा केला आणि हिरवे पाणी मातीतल्या खळग्यात सोडून दिले. ग्लायकॉल चवीला गोड असते. शेजारच्या घरचा कुत्रा ते चाटून गेला. पहिल्या दिवशी तो झिंगल्यासारखा चालत होता, मग जरा सावरला, आणि तिसऱ्या दिवशी मेला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की शरीरात गेल्यावर या द्रव्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साठून ते बंद पडते. मला त्या वेळी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची आठवण झाली, जिथे 1986 साली औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळले गेल्यामुळे 14 रुग्ण दगावले होते आणि ज्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. ते द्रव्य नेमके हेच नव्हे, याच्या भावकीतले. परंतु मूत्रपिंडे निकामी करण्याचा त्याचा धर्म हाच. तेव्हापासून गॅरेजमध्ये रेडिएटरखाली परात लावल्याशिवाय प्लग उघडू नये अशी ताकीद मी दिली, आणि ती मोडणाऱ्या पोराची गय केली नाही. डिचोलीच्या नदीला मिळणारा ओहळ आमच्या मागूनच जातो, गुरे तिथे पाणी पितात, एवढे कारण मला पुरेसे होते.

2012 च्या पावसाळ्यानंतर खाणी बंद झाल्या. आधी सरकारचा आदेश आला, मग सर्वोच्च न्यायालयाचा. मध्यंतरी त्या थोड्याफार सुरू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. टिपर जागच्या जागी उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत वाढले. या विषयावर भांडण्यासारखे पुष्कळ आहे आणि डिचोलीत ते पुष्कळांनी केले आहे; मी माझ्या धंद्यापुरते सांगतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या त्या गाड्यांतल्या कूलंटमधील गंजरोधक क्षार संपून गेले होते आणि उरलेले ग्लायकॉल हवेच्या संपर्काने आंबून आम्लधर्मी बनले होते. पुढे कोणी गाडी विकण्यासाठी सुरू करून दाखवा म्हणाले की रेडिएटरातून काळसर चिखल निघे आणि पंपाचा पंखा हाताने मोडता येई. डब्यातले कूलंट एकदा भरले की कायमचे, ही समजूत मी तिथे शेकडो रुपयांच्या नव्हे, लाखांच्या भावात मोडलेली पाहिली. दोन-तीन वर्षांची त्याची मुदत असते आणि गाडी उभी असली म्हणून ती तहकूब होत नाही.

धंदा बसल्यावर मी बिऱ्हाड पेडण्यात हलविले. मोप्याच्या सड्यावर विमानतळाचे काम चालले होते, यंत्रे होती, कामाला तोटा नव्हता. तिथेच किनाऱ्यावरच्या एका सधन घरातला तरुण आपली छोटी हॅचबॅक घेऊन माझ्याकडे आला. त्याला ती ट्रॅकवर न्यायची होती. गोव्यात कायमचा ट्रॅक नाही. या छंदाच्या माणसाला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जावे लागते, नाहीतर कोइम्बतूरला, जिथला ट्रॅक 2003 साली करिवर्धन यांच्या नावाने उभा राहिला, किंवा फारच हौस असेल तर दिल्लीच्या अंगाला, 2011 साली फॉर्म्युला वन जिथे प्रथम धावली त्या बुद्ध सर्किटवर. तरुणाने आधीच सगळे वाचून ठेवले होते. 'काका, मी विषारी कूलंट नाही घालणार,' तो म्हणाला, 'प्रॉपिलीन ग्लायकॉलचे आणले आहे, हे खाण्याच्या पदार्थांतसुद्धा घालतात.' त्याचे म्हणणे खोटे नव्हते. प्रॉपिलीन ग्लायकॉल खरोखरच खाद्यपदार्थांत आणि औषधांत चालते. मी त्याला टिपरच्या वळणाची गोष्ट सांगितली. ती त्याला जुन्या माणसाची भीती वाटली असावी. पुढे आम्ही दक्षिणेतल्या ज्या ट्रॅकवर गेलो तिथे तांत्रिक तपासणी करणाऱ्या गृहस्थाने टाकीचे झाकण उघडले, आतले पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहिले, आणि एकही शब्द न बोलता कागदावर फुली मारली.

पिण्याच्या दृष्टीने जे निरुपद्रवी ते रस्त्यावर सांडल्यावरही निरुपद्रवी असेलच असे नाही, हा भेद तिथे त्या तरुणाच्या ध्यानी आला. दोन्ही ग्लायकॉले सारखीच बुळबुळीत. दोन्ही उन्हात उडून जात नाहीत. ट्रॅकवर सांडली तर झेंडा दाखवून सगळ्यांना थांबवावे लागते, शोषक पूड टाकून, धुऊन, पुसून रस्ता पुन्हा धावण्याजोगा करीपर्यंत दुपार निघून जाते. मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तर आपल्या रस्ता-शर्यतींच्या नियमांत शुद्ध पाणी किंवा एथिल अल्कोहोल मिसळलेले पाणी, यांखेरीज थंड ठेवण्याच्या दुसऱ्या कोणत्याही द्रव्याला मज्जाव केलेला आहे. दोन चाकांवर वाकलेल्या माणसाला थेंबभर ग्लायकॉलही पुरते, हे त्यामागचे कारण उघड आहे. चारचाकीच्या ट्रॅकांवरही बहुधा हाच दंडक, कुठे लेखी, कुठे तोंडी.

त्या रात्री आम्ही गाडी रिकामी करीत बसलो. ग्लायकॉल काढणे हे वाटते तितके सोपे नाही. रेडिएटरचा नळ सोडला म्हणजे निम्मेच निघते. ठोकळ्याच्या पोटात आणि हीटरच्या जाळीत ते ताकाच्या भांड्याला चिकटलेल्या लोण्यासारखे राहून जाते. हीटरची खिट्टी पूर्ण उघडायची, ठोकळ्याचा स्वतंत्र प्लग सापडेल तर काढायचा, ऊर्ध्वपातित पाणी भरून पंखा लागेपर्यंत एंजिन चालवायचे, ते निवू द्यायचे आणि पुन्हा रिकामे करायचे, आणि हा क्रम रिफ्रॅक्टोमीटरमधली रेषा पाण्याच्या खुणेवर येऊन स्थिर होईपर्यंत चालू ठेवायचा. निवू द्यायचे हे मी मुद्दाम सांगतो. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही शांत दिसते आणि झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. या घाईने हात-तोंड भाजलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतली बहुतेक कामात मुरलेली होती.

निव्वळ पाण्याला तरुणाचा आक्षेप होता तो ते उकळेल हा. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याची रुजुवात नीट केली पाहिजे. पाण्याची उष्णता धरून नेण्याची शक्ती दर किलोला दर अंशाला 4.18 किलोज्यूल, निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणाची साडेतीनच्या आसपास. धातूकडून उष्णता उचलण्याच्या कामातही पाणी त्या मिश्रणाच्या जवळजवळ दीडपट सरस. म्हणजे तेवढ्याच रेडिएटरात, तेवढ्याच पंपाने, पाणी सिलिंडर हेडची अधिक उष्णता बाहेर नेते. उत्कलनबिंदूचे म्हणाल तर मिश्रणाला त्यात केवळ सहा-सात अंशांची आघाडी मिळते, आणि उत्कलनबिंदू वर नेण्याचे खरे काम कूलंट करीतच नाही, झाकण करते. 1.1 बारचे झाकण धड असेल तर साधे पाणी सुमारे 121 अंशांपर्यंत उकळत नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या याहून कितीतरी अधिक दाबाखाली पाणीच फिरवतात. तेव्हा ट्रॅकवर जाणाऱ्याने डब्यावर खर्चण्याचे पैसे नवे झाकण, नवे होज, चांगल्या क्लिपा आणि सांडणारे पाणी पोटात घेणारी बाटली यांवर खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकणाचे रबर कडक झालेले असते आणि माणसे मात्र बाजारात अधिक महाग रंगाचे कूलंट शोधत फिरतात.

राहिला प्रश्न गंजाचा, आणि तो आमच्या भागात पाण्याइतकाच जुना आहे. डिचोलीकडचे विहिरीचे पाणी चवीला गोड, परंतु लोहाने तांबूस. पेडण्याच्या किनाऱ्याकडचे, केरी, हरमल, मोरजी या पट्ट्यातले, उन्हाळ्यात मचूळ होते. पहिल्याने रेडिएटर गाळाने भरतो. दुसरे अधिक घातक, कारण त्यातला क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक संरक्षक पापुद्रा फोडतो आणि खाली खड्डे पाडत जातो. हल्लीच्या गाड्यांचे हेड आणि रेडिएटर दोन्ही ॲल्युमिनियमचे असतात. म्हणून पाणी घ्यायचे ते बॅटरीसाठी मिळते तसले क्षारविरहित, आणि त्यात ग्लायकॉल नसलेले गंजरोधक द्रव्य मोजून मिसळायचे. अशी द्रव्ये शर्यतीच्या सामानात मिळतात. काहींत पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा घटकही असतो. त्याने तापमान भराभर उतरते असे जे सांगितले जाते त्याच्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. थर्मोस्टॅट ठरवील ते तापमान एंजिन धरते, आणि रेडिएटर कमी पडत असेल तर बाटलीभर द्रव्याने तो मोठा होत नाही. गंज थांबतो, पंपाच्या सीलला वंगण मिळते, एवढा लाभ मला पुरेसा आहे. शिवाय एक तपासणी मी सर्व ट्रॅकच्या गाड्यांवर करतो: व्होल्टमीटरची एक कांडी पाण्यात, पाणी ज्याला लागले आहे त्या धातूला न टेकता, आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. दशांश व्होल्टाहून अधिक काटा हलला तर कुठेतरी अर्थिंग सुटलेले आहे आणि वीज रेडिएटरातून वाट काढते आहे, असे समजावे. मग कितीही चांगले पाणी भरा, जाळीला भोके पडणारच.

एकदा एका गृहस्थांनी बिनपाण्याचे कूलंट आणले होते. 180 अंशांपर्यंत उकळत नाही, दाब लागत नाही, गंज चढत नाही, असे त्याचे गुण होते, आणि ते गुण खोटे नव्हेत. परंतु पाण्याच्या मानाने ते उष्णता पुष्कळच कमी नेते, त्यामुळे हेड अधिक तापते; आणि ते आहे शेवटी ग्लायकॉलच, म्हणजे बुळबुळीत तर खरेच, शिवाय लाल झालेल्या एक्झॉस्टवर पडले तर पेट घेणारे. पाणी मिसळलेले ग्लायकॉलसुद्धा त्यातले पाणी उडून गेल्यावर पेटू शकते, हे कित्येकांना ठाऊक नसते. लांबच्या वाळवंटात, जुन्या मोलाच्या गाडीसाठी त्याला जागा असेल. दहा माणसे चाकाला चाक लावून धावतात तिथे त्याला मी जागा देणार नाही, आणि त्या गृहस्थांना मी तसे सांगितले. ते रागावले, मात्र डबा परत घेऊन गेले.

पेडण्याच्या त्या तरुणाची गाडी आता बारमाही पाण्यावरच चालते. कोल्हापूरच्या बाजूला जाताना आंबोलीचा घाट लागतो, तिथे डिसेंबरात शेकोटी पेटवावी लागते, पण पाणी गोठण्याची धास्ती तिथेही नाही. पहिल्यांदा त्याने विचारले होते की रोजच्या वापरासाठी ग्लायकॉल आणि ट्रॅकच्या आधी पाणी, असे आलटून पालटून का करू नये. करता येते, पण दर खेपेला ते निपटून काढण्याचे श्रम ज्याला करायचे आहेत त्याने ते करावेत, आणि वास्तविक गोमंतकात राहणाऱ्याला त्याची निकडही नाही. दर वर्षी पाणी बदलायचे आणि गंजरोधक ताजे घालायचे, एवढे बंधन त्याने पाळले आहे. मात्र नियमाला अपवाद असतो तो मी लेखी ठेवला आहे. मागच्या खेपेला त्याने जानेवारीत दिल्लीकडे गाडी नेण्याचा बेत केला, आणि ती उघड्या ट्रेलरवरून रात्रीच्या प्रवासाने जायची होती. तिकडे कडाक्याच्या रात्री पारा शून्याच्या जवळ उतरतो, आणि निव्वळ पाण्याने भरलेला ठोकळा उघड्यावर ठेवण्याचा धोका मी पत्करणार नव्हतो. आम्ही ती इथेच रिकामी केली, कोरडी केली, स्टिअरिंगला तांबडी चिठ्ठी बांधली की आत पाणी नाही, एंजिन सुरू करू नये, आणि क्षारविरहित पाण्याचे कॅन व गंजरोधकाची बाटली डिकीत वेगळी दिली. ट्रेलरच्या ड्रायव्हरने ती चिठ्ठी वाचली आणि विचारले, 'मेस्त, बिनपाण्याची गाडी शर्यतीला नेऊन काय करणार?' मी त्याला कॅन दाखविले आणि भरण्याची पद्धत पाठीमागच्या कागदावर लिहून दिली: पाणी भरताना हीटर उघडा ठेवावा, वरचा होज हाताने दाबून हवा काढावी, आणि झाकण लावल्यावर पहिला फेरा सावकाश मारावा.